भिंतीपलीकडची बाज

ढोकी सोडून तेरच्या दिशेनं निघालं की ऊस मागं पडत जातो आणि ज्वारीची रानं लागतात. त्या रानांतच आमचं कोरडवाहू शेतीचं छोटंसं संशोधन केंद्र आहे. मी तिथं मातीच्या प्रयोगशाळेत तांत्रिक सहायक म्हणून बदलून आले तेव्हा माझी निम्मी नोकरी झाली होती. माहेर उमरग्याकडचं, घरात कानडी आणि दाराबाहेर मराठी, त्यामुळं माझं बोलणं सुरुवातीला इथल्या लोकांना जरा तुटक वाटायचं. चार्ज देणाऱ्या गृहस्थांनी मला काचेची भांडी, तराजू, भट्टी सगळं एकेक करून दाखवलं. शेवटी आम्ही गोदामामागच्या एका खोलीशी आलो. त्यांनी कुलूप काढलं, दार अर्धवट ढकललं आणि उंबऱ्याबाहेर उभं राहूनच म्हणाले की आत जुनं सामान आहे, तुम्हाला त्यातलं काही लागायचं नाही.

मी आत गेले. फाटकी ताडपत्री, नांगराचे गंजलेले फाळ, ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा भारा, आणि मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली एक पिवळी पेटी. पेटीवर तीन पाकळ्यांचं चिन्ह होतं. रंग उडाला होता, पण मी ते ओळखलं. आधीच्या नेमणुकीवर असताना मला याच यंत्राच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं.

ते जमिनीतली ओल मोजायचं यंत्र. रानात नळी उभी पुरायची आणि तिच्यातून यंत्राचा दांडा खाली सोडायचा. दांड्याच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी एक सीलबंद कुपी असते, आणि तिच्यात किरणोत्सर्गी पदार्थ असतो. त्यातून निघणारे कण मातीतल्या पाण्याला धडकले की मंदावतात, त्यावरून कुठल्या थरात किती ओल आहे ते कळतं. पावसानं दडी मारली की तूर कुठल्या थरातल्या ओलीवर जगते, हे आमच्या भागात त्या यंत्रानं फार चांगलं दाखवलं होतं. मग वापरणारे शास्त्रज्ञ निवृत्त झाले, यंत्राच्या तारा सडल्या, दुरुस्त करणारं कुणी मिळालं नाही आणि यंत्र खोलीत गेलं.

पण यंत्र बंद पडलं म्हणून कुपी बंद पडत नाही. तिला बटण नसतं. आमच्या नातवंडांच्या नातवंडांनाही ती जवळजवळ आहे तशीच मिळेल. म्हणून नियम असा की काम संपलं की कुपी रीतसर परवानगी काढून सरकारच्या विल्हेवाट केंद्रात पोचती करायची, आणि तोवर कुलुपात, माणसांपासून लांब ठेवायची. नियम सोपा आहे. मला तो तेव्हाही पटत होता आणि आजही पटतो.

मी बाहेर आले आणि खोलीला वळसा घातला. मागं रखवालदाराचं घर होतं. खोलीची मागची भिंत तीच त्या घराची भिंत. रखवालदारांना केंद्रात सगळे मामा म्हणत आणि त्यांच्या बायकोला मामी. मामींनी मला पहिल्यांदाच पाहिलं, तरी "या की बाई" म्हणून आत बोलावलं आणि बसायला बाजेवरची वाकळ सारखी केली. बाज भिंतीला लागून होती. पेटी जिथं टेकवली होती, बरोबर तिथं उशी होती.

मी बसले नाही. इथं कोण झोपतं, एवढंच विचारलं. मामी म्हणाल्या की त्याच झोपतात, मामा रात्री राखणीला असतात आणि दुपारी तेही तिथंच पाठ टेकतात. पोरगी लग्न होऊन गेली, ती लहानपणापासून तिथंच झोपायची.

त्याच दिवशी मी साहेबांकडं गेले. साहेब म्हणजे आमचे केंद्रप्रमुख. बोलायला गोड, माणूस दारात दिसला की आधी चहा सांगणारे. मी पेटीचं सांगितलं. त्यांना ती माहीत होती. दरवर्षी मुंबईच्या नियामक कार्यालयाकडून विचारणा येते आणि दरवर्षी आपण ती पेटी सुरक्षित साठवणुकीत असल्याचं कळवतो, असं ते म्हणाले. माणसांपासून लांब ठेवली आहे, आपल्या ऑफिसपासून तर किती लांब, असंही म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, भिंतीपलीकडं माणसं राहतात."

"कोण राहतं?"

"मामा आणि मामी."

"अहो, ते रखवालदार आहेत," साहेब म्हणाले.

मला आधी वाटलं, त्यांचं वाक्य पुरं व्हायचंय. मी थांबून राहिले. पण वाक्य झालं होतं. त्यांनी चहाची बशी माझ्याकडं सरकवली. चहा तसाच राहिला. वाईट माणूस काही वाईट बोलला असता तर मी भांडले असते. पण हे त्यांनी वाईट म्हणून म्हटलंच नव्हतं. पेटी कुठं ठेवायची ते ठरवताना कुणीतरी माणसं मोजली होती, आणि त्या मोजणीत ते घर आलंच नव्हतं.

मग मी मागण्या सुरू केल्या. पेटी परवानगीशिवाय हलवता येत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी म्हटलं की माणसं हलवा. केंद्राच्या विश्रामगृहाच्या खोल्या बहुतेक वर्षभर कुलुपात असतात. साहेब म्हणाले, तिथं पाहुणे येतात. मी विचारलं, किरणं मोजायचं यंत्र कुठं आहे. ते कपाटात मिळालं. आतले सेल फुटून पाझरले होते आणि ते मेलेलं होतं. म्हणजे त्या बाजेवर किती किरणं पडतात हे कुणी मोजलेलं नव्हतं, आणि न मोजताच "सुरक्षित" असं कळवलं जात होतं. कुपीभोवती जाड कवच असतं, त्यामुळं फार काही नसेल असा माझाही अंदाज होता. पण अंदाजावर आपण स्वतःच्या पोरीला तिथं निजवलं असतं का?

मामींना मी स्वतः सांगायला गेले. त्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या. पेटीत काय आहे, ते भिंतीतून थोडंथोडं कसं येतं, लगेच काही होत नाही पण जवळ झोपणं बरं नाही, असं जमेल तसं सांगितलं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

"म्हंजी इख हाय व्हय त्येच्यात?"

मी म्हटलं, विषासारखं अंगाला चिकटत नाही, पण जवळ सारखं राहू नये.

"आन् इतकी वरसं आमाला कुनी सांगितलं न्हाय ते?"

मामा ऐकत उभे होते. त्यांनी बाज उचलली आणि बाहेरच्या पडवीत, म्हशीच्या दावणीपाशी नेऊन ठेवली. घरातली ती खोली त्यांनी कडबा भरायला घेतली. एवढी एक गोष्ट त्या महिन्यात झाली आणि तीही त्यांनीच केली.

साहेबांशी माझं बोलणं पुढं आखडतच गेलं. मी विषय काढला की ते जेवणाची वेळ झाली म्हणत. अशात केंद्राला नवं प्रशिक्षण सभागृह मंजूर झालं आणि जागा ठरली ती गोदामाची. जुनं गोदाम, मागची खोली आणि रखवालदाराचं घर पाडायचं, आतल्या सामानाचं निर्लेखन करायचं, म्हणजे ते नोंदवहीतून कमी करायचं, आणि भंगार विकायचं असं ठरलं. मी बैठकीत उठून म्हटलं की पेटी भंगारात देता येत नाही, कायद्यानं येत नाही. साहेब हसून म्हणाले की बाईंचं त्या पेटीवर फार प्रेम आहे. सगळे हसले. पाठोपाठ मीही हसेन असं त्यांना वाटलं असावं.

मी त्या खोलीला माझं वेगळं कुलूप लावलं.

एक दिवस मला धाराशिवला जिल्ह्याच्या बैठकीला पाठवलं. बैठकीत माझं काहीच काम नव्हतं हे तिथं गेल्यावर कळलं. मी लगेच एसटी पकडून परत आले. केंद्राच्या फाटकात भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता. फाळ, पत्रे, नळ्या भरून झाल्या होत्या आणि त्यांच्यावर आडवी टाकलेली पिवळी पेटी दिसत होती. माझं कुलूप कापून काढलं होतं.

भंगारवाले धाराशिवचे एक उतारवयाचे मुसलमान गृहस्थ होते. मी धापा टाकत त्यांना सांगितलं की ही पेटी नेऊ नका, फोडू तर अजिबात नका, आत काय आहे ते असं असं आहे. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग टेम्पोवरच्या माणसांना खाली उतरायला सांगितलं. मला म्हणाले, "बाई, हमारे इधर दुकान के पीछेच घर है. बच्चे खेलते वहाँ." त्यानंतर ते साहेबांच्या खोलीकडं वळले आणि दारात उभे राहून, आवाज न चढवता म्हणाले, "साब, हम भी माणसंच है ना?"

भंगारवाल्यांनी बाकीचा मालही उतरवून ठेवला आणि रिकामा टेम्पो घेऊन निघून गेले. या साऱ्या प्रकरणात ताठ मानेनं वागलेला पहिला माणूस कोण म्हणून कुणी विचारलं, तर मी त्यांचंच नाव सांगेन.

त्या संध्याकाळी मी नियामक कार्यालयाला स्वतः कळवलं. वरिष्ठांना डावलून कळवलं म्हणून मला कारणे दाखवा नोटीस आली. कापलेलं कुलूप, टेम्पोत चढवलेली पेटी, यांतल्या कशाचंही कारण कुणाला दाखवावं लागलं नाही.

मुंबईहून निरीक्षक आले. चाळिशीचा सडपातळ माणूस, गाडीतून उतरल्यावर पहिलं वाक्य, "पेटी कुठं आहे?" त्यांनी सगळ्यांना मागं केलं, स्वतःचं मोजणी यंत्र घेऊन खोलीत गेले. पेटी मी पहिल्या जागीच परत ठेवून घेतली होती. ते आत बराच वेळ होते. मग मागच्या बाजूनं मामींच्या घरात आले, कडबा बाजूला करायला सांगितला आणि जिथं उशी असायची तिथं यंत्र धरून उभे राहिले. साहेब दारातच होते. साहेब म्हणाले की या पेटीच्या विल्हेवाटीसाठी आपणच पहिल्यापासून पाठपुरावा करत होतो. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते माझ्याकडं पाहत नव्हते.

निरीक्षकांनी मला आणि मामांना समोर बसवून सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही, कुपी फुटलेली नाही, आजार होईल असं त्यांना वाटत नाही. पण सामान्य माणसासाठी कायदा जेवढी किरणं चालवून घेतो त्यापेक्षा त्या जागी जास्त आहेत, आणि असं व्हायलाच नको होतं. शेवटचं वाक्य त्यांनी साहेबांकडं वळून पुन्हा म्हटलं. इतक्या दिवसांत एका अधिकाऱ्याच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकत होते. मला रडू आलं, आणि रडू आल्याचाच राग आला.

पेटी न्यायला गाडी येईपर्यंत खोली सील झाली. दारावर नवं चिन्ह लागलं, भोवती दोरी बांधली गेली. आणि त्या दोरीनं घात केला. इतकी वर्षं जे कुणाला दिसत नव्हतं ते आता गावाला दिसलं. केंद्रात अणुबॉम्बचा माल सापडला, रखवालदाराच्या घरात सापडला, त्याच्या म्हशीला लागण झाली, असं ढोकीच्या बाजारापर्यंत पोचलं. गावच्या दूध डेअरीनं मामींचं दूध घेणं बंद केलं. किटली रांगेतून बाहेर ठेवायला लावली आणि उद्यापासून आणू नका म्हणून सांगितलं. शेजारणी हळदीकुंकवाला बोलवेनाशा झाल्या. पेटी तिथं ठेवणाऱ्यांच्या घरी मात्र दूध बिनबोभाट येत होतं आणि जात होतं.

मामी माझ्या खोलीवर आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"बाई, तुमी सांगितलंच कशापायी?" त्या म्हणाल्या. "ठावं नव्हतं तवर दूध तरी जात हुतं."

मी म्हटलं, मामी, पोरगी झोपायची तिथं.

"ते म्या इसरले व्हय? पर पेटी ठिवली त्येला कुनी न्हाय इचारलं. मला इचारत्यात. रोज इचारत्यात."

त्या गेल्या. आपण खरं बोललो याचं समाधान वाटायला हवं होतं, पण खऱ्याची किंमत तिसऱ्यानंच भरली होती. तेव्हा जो राग आला तो साहेबांपुरता राहिला नाही. तो गावावर आला, डेअरीवर आला, आणि इतक्या वर्षांत मामींना एक वाक्य न सांगणाऱ्या प्रत्येक शिकलेल्या माणसावर आला.

गाडी घेऊन निरीक्षक पुन्हा आले तेव्हा मी त्यांना विचारलं की तुम्ही डेअरीवर याल का. हे त्यांच्या कामात बसत नव्हतं. तरी ते आले. दूध घालायच्या वेळी, सगळी रांग उभी असताना, मामींनी किटली आणली. निरीक्षकांनी यंत्र आधी रिकाम्या ओट्यावर धरलं, मग दुसऱ्याच एका शेतकऱ्याच्या दुधावर, मग मामींच्या दुधावर. काटा तिन्ही ठिकाणी सारखाच. त्यांनी समजावलं की उन्हात बसलेला माणूस घरी येताना ऊन घेऊन येत नाही, तसंच हे आहे. म्हशीत काही शिरलेलं नाही, दुधात काही नाही.

डेअरीचे चेअरमन सगळं नीट ऐकत होते. मग म्हणाले, "साहेब, तुमचं खरं हाय. पर ऊन डोळ्याला दिसतंय, हे दिसत न्हाय. लोकांच्या मनाला काय करू?"

"तुमच्या मनाला तरी करा," मी म्हटलं. "त्यांच्या घरी जेवायला गेला होता ना तुम्ही, पोरीच्या लग्नात?"

चेअरमननी मान खाली घातली. रांगेतली एक म्हातारी पुढं आली आणि तिनं आपलं रिकामं भांडं मामींपुढं धरलं. मामींनी तिला दूध घातलं. दुसरं कुणी आलं नाही. चेअरमन म्हणाले की बघू, चार दिवस जाऊ द्या. ते चार दिवस कधी आलेच नाहीत.

पेटी गेली. रीतसर गेली, हे मात्र सांगायला हवं. कवचावर कवच, गाडीवर पाट्या, सोबत प्रशिक्षित माणसं, वाटेत काय झालं तर काय करायचं याच्या सूचना. रिकाम्या खोलीत निरीक्षकांनी भिंत, जमीन, कोपरे पुसून नमुने घेतले आणि जागा निर्धोक असल्याचं लिहून दिलं. निर्जीव कुपीसाठी केवढी काळजी होती ती. मी पाहत उभी होते आणि मला त्या काळजीबद्दल आदर वाटत होता. यातली चिमूटभर जरी आधी भिंतीच्या या बाजूला आली असती तर!

गोदाम पडलं, खोली पडली, घरही पडलं. मामा-मामी गावात भाड्यानं राहायला गेले. म्हैस त्यांनी मामींच्या बहिणीकडं भूमला पाठवली. तिकडं घरोघरी खव्याच्या भट्ट्या आहेत, दूध कुठल्या गावच्या म्हशीचं म्हणून कुणी विचारत नाही. सभागृहाच्या उद्घाटनाला साहेबांचा सत्कार झाला. नंतर ते बढतीवर गेले. जाताना त्यांनी मला, सगळ्यांसमोर, कर्तव्यदक्ष म्हटलं. माझ्यासाठी आणलेला हार घ्यायला मी पुढं गेले नाही.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. किरणोत्सर्गी यंत्रावर काम करणाऱ्याची नियमानं दरवर्षी तपासणी होते. त्या यंत्रासाठी कधीकाळी माझीही झाली होती. मामा-मामींचीही व्हावी असं मी वर कळवलं. उत्तर आलं की ते त्या प्रवर्गातले कर्मचारी नाहीत, त्यामुळं तरतूद नाही. म्हणजे यंत्र हाताळणारा कर्मचारी, लांबून पाहणारा अधिकारी, आणि ज्यांनी त्याच्याशेजारी झोपून वर्षं काढली ते कुणीच नाहीत. हे उत्तर ज्यानं टंकलं असेल त्यानं ते परत वाचलं का, हा प्रश्न मला अजून पडतो. मी दर वेळी नव्यानं कळवते. नव्या साहेबांना आता माझा कंटाळा आला आहे.

म्हणून वर्षातून एकदा मीच दोघांना घेऊन धाराशिवला सरकारी दवाखान्यात जाते. मामींचा माझ्यावरचा राग पुरता गेलेला नाही, पण एसटीत त्या माझ्यासाठी जागा धरतात. परवाच्या खेपेला तपासणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढून पाहिली, नाडी पाहिली आणि रीतीप्रमाणं विचारलं की मावशी, तक्रार काय आहे.

"तक्रार लई हाय," मामी म्हणाल्या. "पर ती तुमच्याकडं करायची न्हाय."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, रक्त तपासून द्या, बाकीचं आम्ही बघतो. रक्त देऊन आम्ही तिघं बाहेरच्या लिंबाखाली बसलो. मामींनी फडक्यातली भाकरी सोडली, ठेचा काढला, माझ्या हातावर आधी दिला. रिपोर्ट दुपारनंतर मिळाला आणि सगळं ठीक होतं. मामांनी तो दोनदा उलटसुलट करून पाहिला, घडी घालून खिशात ठेवला, आणि आम्ही तेरच्या गाडीची वाट बघायला लागलो.